मागाचा हात

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी लिहून टाकतो. पुढं ओघात कधीतरी येईल असं म्हटलं तर मी ते टाळणार, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, त्याच्या चार महिने आधी एका डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की मला स्नायूंचा एक दुर्मीळ आजार आहे. तो वडिलांकडून मला आला आहे आणि माझ्याकडून मुलीला गेलेला असू शकतो. तेव्हा तिला लग्नाआधी सांगा. मी सांगितलं नाही.

नुसता गप्प बसलो असतो तर मनाची काहीतरी समजूत घालता आली असती. पण मला विचारलं गेलं होतं. निपाणीहून मंडळी मुलगी बघायला आली होती, त्यात मुलाचे मामा वडीलधारे. आमच्या विणकरांच्या सोयरिकीत हा प्रश्न कुणीतरी एकजण विचारतोच. मामांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सारली आणि विचारलं, "घराण्यात काय न्हाय न्हवं? कोड, फिट, असलं काय?"

"न्हाय," मी म्हणालो.

मामांची नजर तोवर पोह्यांच्या ताटलीकडं गेली होती. त्यांनी रीत म्हणून विचारलं, मी रीत म्हणून सांगितलं. मग बोलणं मानपानावर गेलं आणि कार्यालय बेळगावात धरायचं की निपाणीत, यावर तासभर घोळलं. आत मुलगी हसत होती, ते ऐकू येत होतं. माझी उजवी मूठ मांडीखाली दाबलेली होती. थंडीचे दिवस होते आणि ती उघडायला वेळ लागत होता.

आता हाताचं सांगतो.

आमचं घर बेळगावच्या वडगावातलं. वडील हातमागावर साड्या विणायचे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, डाव्या हातानं फणी ओढायची आणि उजव्या हातात दोरीची लाकडी मूठ. ती हिसडली की धोटा ताण्यातून या टोकापासून त्या टोकाला जातो. दिवसभर तेच. संध्याकाळी उठताना वडील ती मूठ सोडायला बघायचे आणि बोटं सुटायची नाहीत. एकेक करून, झोपेतून उठवल्यासारखी, हळूहळू उघडायची. सकाळी तर चुलीपुढं बसून हात शेकल्याशिवाय पेला धरायचे नाहीत, कारण धरला तर खाली ठेवता यायचा नाही. आम्हा पोरांना त्याची मजा वाटायची. "आप्पा, सोडा बघू," म्हणून आम्ही त्यांच्या मुठीत बोट घालायचो आणि अडकलं की खिदळायचो. त्यांच्या वडिलांचाही हात म्हणे असाच होता.

गल्लीत त्याला नावच पडलं होतं: मागाचा हात. ते दुखण्याचं नाव नव्हतं, कौतुकाचं होतं. साड्यांचे व्यापारी यायचे ते म्हणायचे, "ह्या घरच्या हातातनं धागा निसटत न्हाय." त्यावर वडील चहा दुसऱ्यांदा सांगायचे.

बाकीचंही सगळं आम्ही मागाच्याच नावावर टाकलं होतं. चाळिशीतच त्यांना मोतीबिंदू झाला, तर बारीक धाग्यानं डोळे गेले. कानशिलं खोल गेली, चेहरा लांबुळका झाला, तर विणकराला कधी अंग धरतं का? पापण्या अर्ध्या मिटलेल्या असायच्या. शेजारचे एक काका जाता-येता हाक मारायचे, "काय रं, जागा हाईस का माग झोपेत चाललाय?" दुपारी जेवताना घास हातात तसाच राहून ते डुलकी घ्यायचे, तर पहाटेपासून राबलेला माणूस. पन्नाशी ओलांडली आणि एका सकाळी धाग्याच्या कांड्या भरता भरता ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. "पुण्यवान माणूस, कुणाला तरास दिला न्हाय," लोक म्हणाले. हृदयाचंही ह्याच आजारात बिघडतं, हे मला त्यानंतर पंचवीस वर्षांनी कळायचं होतं.

माझाही हात तसाच. विसाव्या वर्षापर्यंत मी वडिलांच्या शेजारच्या मागावर बसलो होतो, त्यामुळं मला कधी प्रश्नच पडला नाही. पुढं माग विकले, मी उद्यमबागेत एका कारखान्यात लागलो. तिथं तपासणीच्या टेबलावर माझं काम. ओतकाम होऊन आलेले सुटे भाग मापायचे, बारीक तडा, पोकळी, जे चुकलंय ते शोधून बाजूला काढायचं. त्या कामात माझं नाव आहे. माझ्या नजरेतून खोट सुटत नाही असं साहेब म्हणतात. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण खरं आहे म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालो. भूल देणारे डॉक्टर तरुण होते, हुबळीकडचे. आदल्या दिवशी तपासायला आले आणि सहज म्हणून हात मिळवला. त्यांनी हात काढून घ्यायला बघितला, तो माझ्या मुठीत अडकला.

"कै बिडरी," ते हसत कानडीत म्हणाले. हात सोडा.

"मागाचा हात हाय, डॉक्टर. जरा दम धरा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला मूठ आवळायला लावली, सोडायला लावली, पुन्हा आवळायला लावली. मग खिशातला छोटा हातोडा काढून माझ्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या फुगीर भागावर, एक टोला दिला. अंगठा आपोआप आत वळला आणि तिथंच थांबला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो माझा अंगठा होता आणि माझं ऐकत नव्हता.

ऑपरेशन पुढं ढकललं. मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी दंडात सुई घातली, ती यंत्राला जोडली, आणि यंत्रातून आवाज आला. लांबून फटफटी यावी, जवळ येऊन भरधाव पुढं निघून जावी, तसा. तो माझ्या स्नायूंचा आवाज होता. रक्त बेंगळुरूला गेलं. कागद आला, त्यावर आजाराचं नाव होतं: मायोटॉनिक डिस्ट्रॉफी.

डॉक्टर शांतपणे बोलले. हात न सुटणं, पापण्या उतरणं, लवकर मोतीबिंदू, दिवसा झोप, हृदयाचे ठोके चुकणं, सगळं एकाच झाडाचं आहे म्हणाले. मागाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता निम्मी. "आणि पुढच्या पिढीत जाताना तो वाढत जातो. मुलीला असला आणि तिच्याकडून बाळाला गेला, तर बाळाला जन्मतःच जड जातं. श्वास घेता येत नाही, दूध ओढता येत नाही. पोटात असतानाच बाळाभोवतीचं पाणी जास्त होतं, बाळ हालचाल कमी करतं. म्हणून तिला लग्नाआधी कळू दे. मूल होण्याआधी तर कळलंच पाहिजे. भूल देतानाही हे आधी सांगावं लागतं, नाहीतर जिवावर बेततं. समजलं?"

"व्हय," मी म्हणालो.

माझं ऑपरेशन नंतर काळजी घेऊन झालं. बायकोनं विचारलं, "अवो, हर्नियाला एवढ्या तपासण्या?" मी म्हणालो, साखर बघत होते. कागद फ्रीजच्या वॉरंटीच्या पाकिटात घातला. ते पाकीट आमच्या घरात कुणी उघडत नाही.

का लपवलं? ह्याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस मोठ्या शब्दांत देत होतो. पोरीचं आयुष्य, निम्मी शक्यता म्हणजे निम्मी नाहीसुद्धा, उगीच कशाला. खरं उत्तर लहान आहे. मला भीती वाटली. वडगाव-शहापुरात आमच्या लोकांत एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी पोचायला मागावरचा धोटा जाण्याएवढाच वेळ लागतो. ज्या हाताचं गल्लीनं कौतुक केलं, तोच हात खोटा ठरणार होता. आणि मुलगी मागावर कधी बसलीच नव्हती. ती शाळेत शिक्षिका. तिच्या हातात खडू. तिला नसणारच, असं मी ठरवून टाकलं. कारखान्यात न मापता एकही भाग मी पुढं जाऊ दिला नाही. मुलीला न मापता जाऊ दिली.

लग्न झालं. जावई चांगला निघाला, माणसं चांगली निघाली. त्यामुळं माझी भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. मुलगी माहेरी आली की मी तिच्या हातांकडं बघायचं टाळायचो.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात निपाणीला ओटीभरण ठरलं. आम्ही हिरवी साडी घेऊन गेलो. बायका माजघरात, आम्ही पुरुष बाहेर सोप्यात. हिरवा चुडा भरायला कासारीण आली होती, तिची पाठ मला दारातून दिसत होती. निपाणीत त्या सकाळी चांगलाच गारठा होता. जावयाचे वडील मला यंदाच्या तंबाखूचं सांगत होते आणि मी मान हलवत होतो.

आतून कासारणीचा आवाज आला. "हात ढिला सोड गं बाई. दगुड करू नगंस."

बांगडी बोटांच्या पेरांवरून सरकताना दुखतं. मुलीनं कळवळून कासारणीची बोटं धरली असावीत. बांगडी मनगटावर गेली, बायका "झाली, झाली" म्हणाल्या, आणि मग पुन्हा कासारीण.

"आगं सोड की आता माझी बोटं! बांगडी गेली न्हवं!"

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "चुडा फुकट भरून घ्यायचा इचार दिसतोय!" दुसरी म्हणाली, "धरलंय ते सोडायची न्हाय पोरगी, नवऱ्याला इचारा!"

त्या हशातून मुलीचा आवाज आला. "थांबा वो, सुटंना झालीत बोटं. सकाळचं असंच होतंय. गारठ्यानं."

जावयाच्या आईनं तिची बाजू घेतली. "विणकराची लेक हाय ती. मागाचा हात असतोय त्यांचा."

माझ्यापुढचा चहा तसाच राहिला. सकाळचं असंच होतंय, म्हणाली ती. म्हणजे आज नव्हे, रोज. तिला जन्मात एकदाही मागावर बसवलेलं नव्हतं आणि हात मात्र मागाचा होता. आमचं तीन पिढ्यांचं जे समाधान होतं ते त्या क्षणी त्या घरात एकट्या मला फुटलेलं दिसत होतं, आणि बाकी सगळे हसत होते. तिच्या पोटात सात महिन्यांचं बाळ होतं.

जावयाचे वडील म्हणाले, "काय वो पाव्हणं, घाम आला तुमास्नी? एवढ्या थंडीत?"

"चहा गरम हाय," मी म्हणालो.

त्याच दिवशी तिला बाळंतपणासाठी घेऊन निघालो. गाडीत ती मागं आईच्या खांद्याला टेकून बसली होती. संकेश्वर यायच्या आत झोपली. मी पुढच्या आरशातून बघत होतो. तिच्या पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, खालून डोळ्याची पांढरी कड दिसत होती. कानशिलं बघितली. गालांची हाडं बघितली. ही कधी एवढी उतरली? गरोदर बाईचा चेहरा भरतो म्हणतात. ज्या चेहऱ्याला आमच्या घरचा चेहरा म्हणून मी मिरवत आलो, तो आता मला यादीसारखा वाचता येत होता.

घरी आल्यावर दहा दिवस मी काय केलं ते सांगायला संकोच वाटतो. मी तिला तपासत राहिलो, गुपचूप. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला उघडायला द्यायचो. नळ बंद करताना तिचा हात तोटीवर किती वेळ राहतो ते मनात मोजायचो. ती पाणी पिताना किती वेळा ठसकते तेही मोजायचो. दुपारी ती वाटीत चमचा ठेवून बसल्या जागी डुलकी घ्यायची. बायको म्हणायची, "पोटुशी बाई झोपणारच की. तुमी कशाला टक लावून बघाय लागलाय तिच्याकडं? दृष्ट लागंल."

एकदा सकाळी आम्ही दोघं फिरायला निघालो. खासबागच्या रस्त्यावर वाहनं फार, म्हणून ओलांडताना तिनं माझा हात धरला आणि मी तिचा. पलीकडं पोचलो. हात सोडायची वेळ आली.

"सोडा की आप्पा," ती म्हणाली.

"तू सोड."

"माझा सुटंना झालाय. तुमी सोडा."

"माझाबी न्हाय सुटत."

ती हसायला लागली. रस्त्याच्या कडेला, भाजीवाल्या बाईच्या पुढं, बाप आणि लेक हात अडकवून उभे. भाजीवाली म्हणाली, "बापलेकीचं परेम बघा की!" मुलीला हसू आवरेना. ती एका हातानं पोट धरून हसत होती. तिथंच सांगायला हवं होतं, तिचा हात माझ्या हातात असताना. माझी बोटं आधी सुटली. मी म्हणालो, "कोथिंबीर घ्यायची का?"

भीती माणसाला काही करायला लावते असं मी ऐकत आलो होतो. मला भीतीनं कोथिंबीर घ्यायला लावली.

आठव्या महिन्याच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. मी बाहेर बाकावर बसलो. सोनोग्राफी झाली, बायको दार ढकलून बाहेर आली आणि म्हणाली, "पाणी जास्त झालंय म्हणत्यात. साखर तपासाय सांगितलंय. आणि बाळ हालतंय का इचारलं. मी म्हटलं, गुणाचं हाय, गप पडून असतंय."

पाणी जास्त होतं, बाळ हालचाल कमी करतं. त्या डॉक्टरांचे ते शब्द मला जसेच्या तसे ऐकू आले. बाकावर माझ्या शेजारी एक बाई मोसंबं सोलत होती. त्याचा वास, तिथला पंखा, समोरच्या भिंतीवरचं बाळाचं चित्र, सगळं लख्ख आठवतं. मी उठलो आणि चप्पल न काढता आत गेलो.

"डॉक्टर, एक सांगायचं हाय," मी म्हणालो. "आमच्या घरात स्नायूंचा काहीतरी आजार असावा. माझाही हात असाच अडकतो. वडिलांचाही अडकायचा. हिलाही असंल असं वाटतंय. तिची मूठ बघा."

बायको दारात होती. "काय बोलाय लागलाय तुमी?"

डॉक्टरबाईंनी तिला थांबवलं नाही आणि मलाही नाही. त्यांनी मुलीला स्वतःची दोन बोटं धरायला दिली. "घट्ट धर. आता सोड." मुलगी सोडायला लागली. बोटं हळूहळू, एकेक करून उघडली. मी हजारदा पाहिलेली ती हालचाल परक्या माणसानं निरखून बघितली तेव्हा मला ती पहिल्यांदा आजारासारखी दिसली. बाईंनी तिच्या अंगठ्याच्या बुडाशी हातोडा मारला. अंगठा आत वळला आणि थांबला. मुलगी अंगठ्याकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुमचा काही रिपोर्ट आहे?" बाईंनी मला विचारलं. "असला तर फार उपयोग होईल."

रिपोर्ट फ्रीजच्या पाकिटात होता. त्यावर तारीख होती. लग्नाच्या आधीची.

"न्हाय," मी म्हणालो.

"मग संशय कधी आला?"

"ओटीभरणाला. बांगड्या भरताना."

हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यानं मला वाचवलं. मुलीचं रक्त बेंगळुरूला गेलं. माझा कागद दिला असता तर काय शोधायचं ते त्यांना नेमकं सांगता आलं असतं. त्याऐवजी ते माझ्यापासून सुरुवात करत बसले, माझंही रक्त घेतलं, आणि मी आधी एकदा दिलेलं रक्त पहिल्यांदाच देतोय असा चेहरा करून बाही वर केली. ह्यात बरेच दिवस गेले. ह्या दिवसांचा हिशेब माझ्याकडंच आहे.

उत्तर यायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. पण डॉक्टरबाईंनी वाट बघितली नव्हती. नुसत्या त्या अंगठ्यावरून त्यांनी तिला नवजात बाळांची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात आधीच नेऊन ठेवलं होतं. भूल देणाऱ्यांना सांगितलेलं होतं, बाळांचे डॉक्टर टेबलाशेजारी उभे होते. पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. ती रडली नाही. बाहेर आम्ही सगळे रडण्याचा आवाज ऐकायला कान देऊन उभे होतो, जावई दाराला कान लावून. मग दार उघडलं आणि दोन नर्स एक काचेची पेटी ढकलत आमच्या पुढून पळत गेल्या. त्यात नळी लावलेलं, कापडासारखं पडलेलं काहीतरी होतं. माझी नात.

एकोणीस दिवस ती काचेमागं यंत्रानं श्वास घेत होती. मी कामावरून थेट तिथं जायचो. काचेतून एकच गोष्ट बघायचो, छाती वर होतेय का. तिचा वरचा ओठ मध्ये उचललेला होता, तंबूसारखा, तोंड उघडं. कुणी म्हणायचं पापा मागतेय, कुणी म्हणायचं हसतेय. मला ठाऊक होतं की ओठ मिटायची ताकद नाही. मी कुणाला सांगायचो नाही. विसाव्या दिवशी नळी काढली आणि ती स्वतः श्वास घ्यायला लागली. जावयानं माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

तिथून पुढं जे घडलं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. मी मोठा झालो. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं म्हणून आम्ही तयारीत होतो. नाहीतर दोघींचं काही खरं नव्हतं." निपाणीचे मामा, तेच, भेटायला आले आणि माझा हात धरून म्हणाले, "पाव्हणं, नजर म्हंजे नजर हाय तुमची. कारखान्यात असल्याचा फायदा." मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आप्पांनी ओळखलं. कासारीण हसाय लागलती, सगळे हसाय लागलते, आप्पांनी नुसत्या आवाजावरनं ओळखलं." मी समोर बसून ऐकतो. खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

मला सांगायचं धाडस नव्हतं ते काम मुलीनंच केलं. माझी बहीण खानापूरकडं दिलेली. तिलाही लोणच्याची बरणी उघडताना वेळ लागायचा, ते मला ठाऊक होतं. मुलीनं फोन लावला आणि आत्याला, आतेभावांना सगळं समजावून सांगितलं. कुठली तपासणी, कुठल्या डॉक्टरांकडं जायचं, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, दरवर्षी काढायची. वहीत टिपून घ्यायला लावलं. "लाजायचं काय त्यात आत्या, मागाचा हात न्हाय हा, आजार हाय," असं ती फोनवर म्हणत होती. मी शेजारच्या खोलीत होतो.

नात आता दहा महिन्यांची आहे. मान अलीकडंच धरायला लागली. दूध अजून चमच्यानं, थांबून थांबून द्यावं लागतं. पुढं काय होईल ते कुणी सांगत नाही. चालेल म्हणतात, उशिरा. शाळेत मागं पडेल म्हणतात. मुलगी रोज तिचे हातपाय हलवून व्यायाम घेते, आधी स्वतःचे हात गरम पाण्यात धरून मोकळे करते आणि मग तिचे. बघताना मला अजून भीती वाटते. रोज वाटते. नातीचा श्वास जरा लांबला की वाटते, मुलगी दमून बसली की वाटते. माझ्या स्वतःच्या छातीत रात्रंदिवस काय चाललंय त्याची मात्र फारशी वाटत नाही.

गेल्या महिन्यात मुलगी माहेरी आली होती. बाळाला मांडीवर घेऊन दूध भरवत होती. मी पेपर वाचत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "आप्पा, आदी कळलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत न्हाय. ही झाली नसती कदाचित. तसंबी वाटत न्हाय आता, हिच्याकडं बघून. पण मला ठरवाय तरी आलं असतं."

मी पेपर खाली घेतला.

"तुमाला तरी कुठं ठाऊक होतं म्हणा," ती म्हणाली आणि चमचा पुसला.

मला बोलता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो, बायको देवळात गेली होती. तिनं दारच उघडून दिलं होतं. मी उठून बाळाचं लाळेरं बदललं.

हे लिहून छापायला देतोय ते नाव न घालता. कदाचित तिच्या वाचनात येईल आणि ती ओळखेल. पण कागदावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, एवढं मला कळतं. तिचं लग्न ठरायच्या चार महिने आधीपासून मला सगळं माहीत होतं, मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि रिपोर्ट असताना नाही म्हणालो. हे तिच्यासमोर बसून, तिच्या नवऱ्यासमोर, माझ्या तोंडानं मला तिला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.